४ महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बाळ गार पडू नये म्हणून काय करता येतं?

पिल्लूची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझा मुलगा चार महिन्यांचा आहे, आठव्या महिन्यात झाला (३४ आठवडे पूर्ण होते), जन्माचं वजन १.९ किलो, आता ५ च्या जवळ आलाय. रडला की उजव्या जांघेत गाठ येते, सर्जनना दाखवलं तर हर्निया आहे म्हणाले आणि एवढ्या लहान बाळात थांबायचं नसतं, आतडं अडकायची भीती असते, म्हणून पुढच्या आठवड्यात नाशिकला ऑपरेशन ठरलंय. ऑपरेशन छोटं आहे हे मला समजलंय, त्याची एवढी भीती नाहीये. मला भीती आहे ती थंडीची. माझ्या जावेच्या मुलाचं सहा वर्षांचा असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तो बाहेर आला तेव्हा दात वाजत होते, ओठ निळसर, हात बर्फासारखे, किती वेळ तरी ब्लँकेटवर ब्लँकेट घालत होतो, ते डोळ्यासमोरून जात नाही. तो तरी सहा वर्षांचा होता, माझं बाळ तर एवढंसं.

आम्ही निफाडच्या बाजूला राहतो, सध्या पहाटे काय थंडी असते ते इकडच्यांना सांगायला नको, आणि सकाळी सहाला हॉस्पिटलमध्ये हजर व्हायचंय. सासूबाई म्हणतात पहाटे तेल लावून चांगला शेक देऊन, स्वेटर कुंची घालून न्यायचं. हॉस्पिटलवाले म्हणतात काही आणू नका, आमचा गाऊन असतो. ओटीत एसी असतो तो बंद करा असं आपण सांगू शकतो का? डॉक्टरांना राग तर येणार नाही ना? आणि गार पडल्याने खरंच काही नुकसान होतं का नुसतं थोडा वेळ कुडकुडणं असतं? कुणी ओटीत काम करणारं असेल तर प्लीज नीट सांगा.

---

भूलतज्ज्ञ_सांगली

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या केसेस नेहमी असतात म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब होईल पण वाचा.

पहिली गोष्ट, तुमची काळजी अजिबात फालतू नाही. शरीराचं आतलं तापमान ३६ सेल्सिअसच्या खाली, म्हणजे तुमच्या घरच्या थर्मामीटरच्या भाषेत ९६.८ च्या खाली गेलं की आम्ही बाळ गार पडलं म्हणतो. आणि त्याला नुसता एसी कारण नसतो, हे लोकांना माहीत नसतं. जागेपणी थंडी वाजली की शरीर हातापायाच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब छातीपोटात राखून ठेवतं. भूल दिली की ह्या वाहिन्या सैल पडतात आणि मेंदूतला जो थर्मोस्टॅट आहे तो पण सुस्त होतो, एरवी तापमान अर्धा डिग्री उतरलं तरी जे शरीर जागं होतं ते भुलीखाली दोन-तीन डिग्री उतरेपर्यंत काही करत नाही. मोठ्या माणसात ह्यामुळे पहिल्या तासाभरातच एक ते दीड डिग्री उतरते, तीही आतली ऊब हातापायाकडे वाटली गेल्याने. बाळांचे हातपाय छोटे, त्यामुळे हा भाग त्यांच्यात थोडा कमी असतो, पण दुसरीकडून ती कसर भरून निघते, कारण वजनाच्या मानाने त्यांची त्वचा फार जास्त, चरबीचा थर पातळ आणि डोकं मोठं. तान्ह्या बाळाच्या अंगाच्या एकूण त्वचेतला साधारण पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. टोपी नसेल तर तिथूनच केवढी ऊब जाते बघा.

दुसरं, जावेचा मुलगा कुडकुडला, तुमचं बाळ कुडकुडणार नाही. चांगलं वाटलं ना ऐकून? पण नाही, तान्ह्या बाळांना कुडकुडता येतच नाही जवळपास. त्यांच्या पाठीत खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेजवळ, किडनीभोवती एक तपकिरी चरबी असते ती जाळून ते ऊब तयार करतात, आणि भुलीची औषधं नेमकं तेच बंद पाडतात. म्हणून बाळ शांत पडलंय म्हणजे उबदार आहे असं समजायचं नाही, थर्मामीटर लावूनच बघावं लागतं.

नुकसान काय? भुलीची औषधं, विशेष करून स्नायू सैल करणारी, गार शरीरात फार हळू उतरतात, व्हेक्युरोनियम नावाचं औषध आहे त्याचा परिणाम दोन डिग्री उतरल्यावर दुपटीहून जास्त वेळ टिकतो. रक्त नीट गोठत नाही. बाळाची साखर खाली जाऊ शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं तुमच्या बाबतीत, श्वास. तुमचं बाळ ३४ आठवड्यांचं, वर चार महिने म्हणजे साधारण १७ आठवडे, एकूण ५१ झाले. अशी लवकर जन्मलेली बाळं, गर्भापासून धरून साधारण ६० आठवड्यांपर्यंत, भुलीनंतर मध्येच श्वास थांबवू शकतात, आणि बाळ गार असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून त्याच दिवशी घरी सोडतो म्हणाले तर तुम्ही "बाळ ३४ आठवड्यांचं आहे" हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगा, सर्जनला सांगितलंय म्हणून गप्प बसू नका. रात्रभर मॉनिटर लावून ठेवतात अशा बाळांना. हिमोग्लोबिन तपासलंय का तेही विचारा.

आता एसी. ओटीचं तापमान साधारण २१ च्या आसपास ठेवायची पद्धत आहे, गाऊन आणि ग्लोव्हज घालून लाइटखाली उभं राहणाऱ्या माणसाला ते लागतं. पण तान्ह्या बाळासाठी आम्ही २५-२६ पर्यंत नेतो, आणि हे बाळ आत आणल्यावर करून उपयोग नसतो. खोलीच्या भिंती, टेबल, सगळं गार असतं, आणि उघड्या अंगातली सगळ्यात जास्त ऊब ह्या गार भिंतींकडेच जाते, हवा अंगाला लागो न लागो. म्हणून एसी आधीपासून कमी करावा लागतो. बाळ पूर्ण झाकून झालं, हिरव्या चादरी लागल्या की मग परत थोडा वाढवला तरी चालतो. तुम्ही "एसी बंद करा" म्हणू नका, असं विचारा की "बाळ आत येण्याआधी ओटी गरम करून ठेवणार का आणि वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, कोणतं आहे". ज्याला हे काम येतं तो असल्या प्रश्नाने रागावत नाही, उलट आई लक्ष देतीये हे बघून बरं वाटतं.

आणि शक्य असेल तर लिस्टवर पहिला नंबर मागा. उपाशी कमी वेळ राहतं आणि ओटी आधीच तयार करून ठेवता येते.

---

ओटी_सिस्टर

सरांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी सरकारी हॉस्पिटलच्या ओटीत स्टाफ आहे, मी जे रोज बघते ते सांगते.

बाळं ओटीत जेवढी गार पडतात ना त्यातली अर्धी ओटीच्या दाराबाहेरच गार पडलेली असतात. वॉर्डात पहाटेच कपडे काढून पातळ गाऊन घालतात, मग आधीची केस लांबते, बाळ पॅसेजमध्ये आईच्या कडेवर तसंच, खाली फरशी गार, दार उघडं. म्हणून ताई तुम्ही एवढं करा, गाऊन घालायला सांगितला तरी वरून दुपटं आणि सुती कुंची ठेवा, ओटीच्या आत गेल्यावर आमचे लोक काढतील. कुणी आधीच काढायला सांगितलं तर हात जोडून सांगा की नंबर आल्यावर काढते. हे तुमच्या हातात आहे, एसी तुमच्या हातात नाही. आणि कुंची सुतीच आणा, नायलॉन-पॉलिस्टर आणि मण्या-झालरीवाली नको.

तेल अजिबात नको. सासूबाईंना प्रेमाने सांगा, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत करा काय मालिश करायची ती, पण ऑपरेशनच्या सकाळी नाही. तेलकट अंगावर मॉनिटरचे स्टिकर चिकटत नाहीत, सलाईनची पट्टी सुटते, कॉटरीची (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राची) प्लेट नीट बसत नाही, आणि मग पुसापुशी करण्यात बाळ जास्त वेळ उघडं राहतं. अंघोळ पण आदल्या संध्याकाळी, सकाळी ओलं जावळ घेऊन थंडीत प्रवास नको. वाळे, मनगट्या, करगोटा, काळा धागा, दृष्टीचे मणी सगळं घरीच काढा. तीट आणि काजळ पण नको, भुलीत रंगावरून पण आम्ही बाळाची तब्येत ओळखत असतो.

आणि आता एक गोष्ट जी मी पोटतिडकीने सांगते, आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला सांगते. गरम पाण्याची पिशवी, गरम पाणी भरलेले ग्लोव्हज, गरम केलेल्या सलाईनच्या बाटल्या बाळाच्या बाजूला ठेवणं, हे कुणी केलं तर थांबवा. भुलीतलं बाळ पाय ओढून घेऊ शकत नाही, रडू शकत नाही, त्वचा कागदासारखी पातळ, भाजल्याचं दोन तासांनी चादर काढल्यावर कळतं. हे नातेवाईक पण करतात रिकव्हरीत आणल्यावर, प्रेमापोटी, बाहेरून चहावाल्याकडून गरम पाणी आणून बाटली ठेवतात पायाशी. नका करू. पायाला अजून बधिरपणा असतो, हर्नियाला कमरेखालची इंजेक्शनची भूल देतात ना त्याने.

वॉर्मर नसेल तरी घाबरू नका. छोट्या ठिकाणी आम्ही हातापायांना कापसाचा जाड रोल गुंडाळतो, डोक्याला टोपी, अंगाभोवती स्वच्छ प्लास्टिकची शीट, नेमका ऑपरेशनचा भाग उघडा. साधंच आहे पण तासाभराच्या केसला खूप फरक पडतो. आणि बेटाडीन-स्पिरिट लावताना ते ओघळून पाठीखाली साचतं, ती चादर ओली राहिली की बाळ खालून गार होत जातं, ते टिपून कोरडं करायचं असतं, हे कोण बघतंय त्यावर बरंच अवलंबून.

---

जुनिअर_रेसिडेंट

सर तुमच्याशी सहमत आहे पण एक विचारतो, वाद म्हणून नाही. २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रोटेक्ट नावाची ट्रायल आली, पाच हजारांवर पेशंट, चीन आणि अमेरिकेतलं क्लीव्हलँड क्लिनिक, एका गटाला ३७ वर ठेवलं आणि दुसऱ्याला ३५.५ वर, आणि हार्टचा त्रास, जखमेचं इन्फेक्शन वगैरेत काहीच फरक निघाला नाही. मग आपण पालकांना उगाच घाबरवतोय का? आमच्याकडे सीनियर म्हणतात आता एवढं काही मनावर घ्यायची गरज नाही.

---

भूलतज्ज्ञ_सांगली

चांगला प्रश्न विचारलास. ती ट्रायल मी वाचलीये, कामही उत्तम आहे. पण बघ, त्यातले पेशंट सगळे ४५ च्या वरचे, हृदयाचं ऑपरेशन नसलेले, आणि "गार" गट ३५.५ वर राखलेला, मोकळा सोडलेला नाही. म्हणजे त्यातून एवढंच कळतं की मोठ्या माणसाला ३५.५ आणि ३७ मध्ये फारसा फरक पडत नाही. त्याआधी १९९६ मध्ये कुर्झ, सेस्लर आणि लेनहार्ट ह्यांचा अभ्यास आला होता, आतड्याच्या ऑपरेशनचे २०० पेशंट, तिथे गार गट ३४.७ पर्यंत उतरलेला, आणि जखमेचं इन्फेक्शन १९ टक्के, उबदार गटात ६ टक्के. सेस्लर दोन्ही अभ्यासात आहेत. म्हणजे ३५.५ च्या खाली घसरू दिलं की नुकसान दिसतं असं दोन्ही एकत्र वाचल्यावर मला वाटतं.

आता ५ किलोच्या बाळाला ३५.५ वर नेमकं थांबवून दाखव. उघडं टाकलं तर ते तिथे थांबत नाही, भराभर खाली जातं, आणि त्याला श्वास थांबण्याची, साखर उतरण्याची जी भीती आहे ती पन्नाशीच्या पेशंटला नसतेच. त्या ट्रायलवरून तान्ह्या बाळांविषयी निष्कर्ष काढणं मला मान्य नाही, सीनियरना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

हां, एक मात्र खरं, गरम करण्याचाही अतिरेक होतो आणि तो मुलांमध्ये लवकर होतो. म्हणून प्रोब, म्हणजे तापमान सतत दाखवणारी वायर. जास्त वेळाची केस असेल तर अन्ननलिकेत नाहीतर गुदद्वारात, छोट्या केसमध्ये काखेत नीट लावला तरी चालतो. प्रोब न लावता वॉर्मर चालू ठेवणं मला चुकीचंच वाटतं.

---

दोन_मुलींचा_बाबा

वरच्या डॉक्टरांनी अतिरेकाचं लिहिलंय ते आमच्या बाबतीत झालं म्हणून सांगतो. आमच्या धाकटीला दुभंगलेला ओठ होता, ऑपरेशन झालं तेव्हा पाच महिन्यांची होती. आम्हाला पण हीच भीती, गार पडेल. बाहेर आल्यावर भूलवाल्या मॅडम म्हणाल्या उलट ती ३८ पर्यंत गेली होती, कारण ओठाच्या ऑपरेशनला फक्त चेहरा उघडा, बाकी पूर्ण अंग चादरीखाली आणि त्यात गरम हवेचं ब्लँकेट चालू, मग त्यांनी बघून ब्लोअर कमी केला, नंतर बंदच केला. त्यांना प्रोबमुळे कळलं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की वॉर्मर आहे का विचारू नका नुसतं, तापमान मोजताय का विचारा, कारण मोजत असतील तर बाकीचं ते करणारच.

आम्हाला कुणी रागावलं नाही ताई. बायकोने आदल्या दिवशी प्रश्न वहीत लिहून नेले होते, मॅडमनी खुर्चीवर बसून सगळ्यांची उत्तरं दिली.

---

लीड्सकर

मी इकडे लीड्सला थिएटर नर्स आहे, मूळ साताऱ्याची. इकडे पेशंट ऑपरेशनमध्ये गार पडू नये म्हणून २००८ पासून नाइस ह्या ब्रिटनच्या सरकारी संस्थेची गाइडलाइन आहे, ती खरं तर मोठ्यांसाठी आहे पण त्यातली शिस्त मुलांच्या थिएटरमध्ये पण बरीच दिसते. वॉर्डातून निघतानाच तापमान लिहून येतं, ३६ च्या खाली असेल तर इमर्जन्सी सोडून पेशंटला आधी गरम करायचं मग भूल, आणि आत अर्ध्या अर्ध्या तासाने नोंद. मला आवडतं ते हे, की कुणाच्या लक्षात राहण्यावर काही सोडलेलं नाहीये, चार्टवर रकाना आहे, तो रिकामा दिसला की पुढचा माणूस विचारतो. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी बीपी, पल्स, ऑक्सिजनचे रकाने भरलेले असतात आणि तापमानाचा कोरा. ह्याला पैसे लागत नाहीत हो, सवय लागते.

गरम हवेच्या ब्लँकेटबद्दल एक सांगते, त्याचा पाइप कधीही ब्लँकेटशिवाय थेट चादरीत सोडायचा नसतो, पाइपच्या तोंडाशी येणारी हवा ४३ डिग्रीपर्यंत असू शकते आणि एकाच जागी लागून भाजतं. लहान बाळांसाठी अंगाखाली घालायचं ब्लँकेट मिळतं, ते सगळ्यात सोयीचं, सर्जनला पूर्ण पोट मोकळं मिळतं.

---

पिल्लूची_आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आज जाऊन आले. भूलवाल्या डॉक्टरांना भेटायला मुद्दाम थांबले. ३४ आठवडे ऐकल्यावर ते लगेच म्हणाले मग रात्री ठेवू, कागदावर डे केअर लिहिलं होतं ते बदललं. पहिला नंबर दिलाय. वॉर्मर गरम हवेचा आहे, आणि तापमान बघतात का विचारलं तर त्यांनी प्रोबच दाखवला. हिमोग्लोबिन उद्या काढणार. सासूबाईंना तेलाचं पटलं, त्या म्हणाल्या मग आदल्या दिवशी दोनदा लावते.

दोनच गोष्टी राहिल्या. उपाशी ठेवण्याचं, मला वॉर्डातल्या एकीने सांगितलं रात्री बारानंतर काही द्यायचं नाही. एवढ्या लहान बाळाला रात्रभर? भुकेने पण गार पडतं ना. आणि सलाईन गरम करून लावतात का हे विचारायचं राहिलं.

---

भूलतज्ज्ञ_सांगली

रात्री बारा ही मोठ्यांची जुनी सवय आहे, बाळाला लावू नका. अंगावरचं दूध भुलीच्या ४ तास आधीपर्यंत, वरचं किंवा गाईचं दूध ६ तास, साधं पाणी किंवा ग्लुकोजचं पाणी २ तास. सकाळी ८ ची वेळ असेल तर पहाटे पावणेचारला उठवून पोटभर पाजा आणि ४ ला थांबा. पण हे माझ्या शब्दावर नाही, उद्या त्यांनाच फोन करून "अंगावरचं दूध शेवटचं किती वाजता" असं नेमकं विचारा आणि ते सांगतील ती वेळ पाळा, ऐनवेळी पोट भरलेलं निघालं तर केस पुढे जाईल. आणि हो, केस लांबली तर पुन्हा विचारा, पाणी देता येतं का म्हणून, बाळ आठ-दहा तास उपाशी राहणं बरोबर नाही, उपाशी बाळाला ऊब तयार करायला इंधनच नसतं.

सलाईनचं टेन्शन घेऊ नका. तासाभराच्या हर्नियात बाळाला फार थोडं सलाईन जातं, आणि इतक्या हळू जातं की बाटली गरम असली तरी लांब नळीतून येईपर्यंत ते खोलीएवढंच होतं. रक्त द्यायचं असेल, पोट उघडून मोठं ऑपरेशन असेल, तिथे ते गरम करून देणं फार महत्त्वाचं. तुमच्या केसमध्ये टोपी, कोरडी चादर आणि खालचं ब्लँकेट हे जास्त काम करतं.

सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लपवू नका, तारीख गेली तरी चालेल.

---

ओटी_सिस्टर

ताई बरं वाटलं वाचून. बाहेर आल्यावरचं सांगते. रिकव्हरीतून बाळ तुमच्याकडे दिलं की आधी हातपाय नका चाचपू, ते थोडे गार लागतातच, पोट आणि पाठ बघा हात लावून. सिस्टरला तापमान विचारा. ९७.७ ते ९९.५ च्या मध्ये असेल तर छान. सिस्टरने परवानगी दिली की कपड्यांचे थर वाढवण्यापेक्षा बाळाला फक्त लंगोट आणि टोपी ठेवून तुमच्या छातीशी उघड्या अंगाने धरा आणि वरून शाल घ्या, मॉनिटरच्या वायरी तशाच राहू देत, पाजायला सांगितलं की तिथेच पाजा.

रात्री मॉनिटर वाजला तर स्वतः वायर काढून गप्प करू नका, हाक मारा. आणि घरी गेल्यावर काखेत थर्मामीटर धरून ९६.८ च्या खाली आलं, किंवा १००.४ च्या वर गेलं, किंवा बाळ दूध ओढेना, मलूल वाटलं, तर सकाळची वाट न बघता फोन करा, त्यांचा रात्रीचा नंबर डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्यायला विसरू नका.